विल्फ फिअरन चार वेळा आला

थॉर्नरिगच्या दवाखान्यातला फोन सकाळी आठला सुरू होतो, आणि आठ वाजून दोन मिनिटांनी त्या फोनवर वीसएक माणसं ताटकळत असतात. कुणाला डॉक्टर आजच हवा, कुणाला आत्ताच. त्या सगळ्यांना पहिला आवाज ऐकू यायचा तो गेनर बर्केटचा. सव्वीस वर्षं ती त्या काउंटरमागे बसत होती. गावात तिला पाठीमागे ‘दारावरची कैदाशीण’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. “म्हणू देत,” ती म्हणायची, “कैदाशिणीलाच ‘गुड मॉर्निंग’ म्हणून आत जावं लागतं ना.”

सुरुवातीला काम सोपं होतं. दवाखान्यात दोन म्हातारे डॉक्टर आणि एक नर्स. ताप आला तर डॉक्टर, कानात मळ साचला तरी डॉक्टर. गेनरने वहीत नाव लिहायचं आणि माणसाने खुर्चीत बसून आपली पाळी बघायची. पुढे दोघे म्हातारे एकामागून एक निवृत्त झाले. जागा भरायला तीनदा जाहिरात दिली. पण समुद्राकडच्या त्या ओल्या टोकाला, पोलादाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झालेल्या गावात यायला कोण तयार होणार? आली ती एक डॉक्टर रोवेना लॅथम. नऊ हजार माणसं आणि ती एकटी. आठवड्यातून दीड दिवस एक बदली डॉक्टर यायचा, त्याचंही नाव दर महिन्याला निराळं.

मग तिच्याभोवती बाकीची माणसं आली. सांधे-पाठ दुखत असेल तर फिजिओ क्रेग. गोळ्यांची भानगड असेल तर फार्मासिस्ट फैजल. जखम, मधुमेह, लसी हे नर्स बर्नाडेटकडे. रक्त काढायला केली नावाची पोरगी, तिचा हात इतका हलका की सुई टोचल्याचं कळायचं नाही. पूर्वी रुग्णवाहिकेवर असलेला स्टुअर्ट खोकला-ताप बघायचा. ज्याचं दुखणं एकटेपणाचं त्याच्यासाठी गुरुवारी एक बाई यायच्या, त्या माणसांना बागकामाच्या नाहीतर गाण्याच्या मंडळात धाडायच्या. सगळी चांगली माणसं, आपापल्या कामात तरबेज. आणि यांपैकी कुणाकडे कुणाला पाठवायचं ते गेनरने ठरवायचं, फोनवर, दोन मिनिटांत.

नेमकं बोलायचं तर ठरवायचंही नाही. दवाखान्याची व्यवस्थापक लिनेट हिने ते एकदा फार स्पष्ट करून सांगितलं होतं. आदल्या वर्षी एका बाईने फोनवर छातीत जळजळतंय म्हटलं, आणि गेनरने काळजीने तिला सरळ रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. निघालं पित्त. बाईच्या नवऱ्याने दोन पानी तक्रार लिहिली. लिनेटने गेनरला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

“गेनर, तू नर्स नाहीस,” ती म्हणाली. वयाने ती गेनरच्या मुलीएवढी. “विचारायचं, लिहायचं, यादीत बघायचं आणि पाठवायचं. रोगाचा अंदाज बांधायचा नाही. उद्या काही झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही.”

गेनरने मान हलवली. नवरा अॅलन जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. घरी परत जाऊन भिंतींशी बोलण्यापेक्षा हे काउंटर बरं, असं तिला वाटायचं. ते गमवायची तिची तयारी नव्हती.

तर त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत विल्फ फिअरनचा फोन आला.

विल्फ अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कारखान्यात क्रेन चालवायचा, अॅलनचा मुकादम होता. निवृत्त झाल्यापासून गावातल्या बोलिंगच्या, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीची निगा एकट्याने राखायचा. ते गवत असं कापलेलं असायचं की माणसाने बूट काढून चालावं. दवाखान्यात त्याचं नाव गेल्या दहा वर्षांत दोनदाच लागलं होतं.

“पोरी, डॉक्टरीणबाईंना भेटायचं होतं,” तो म्हणाला.

“कशासाठी, विल्फ? मला विचारावं लागतं हो.”

“विचार की. पाठ. महिना झाला, बसू देत नाही मेली.”

“मग क्रेगकडे देते. पाठीचा माणूस आहे तो. परवा सकाळी जागा आहे.”

“म्हणजे डॉक्टर नको म्हणतेस?”

“डॉक्टरांकडे जागा तीन आठवड्यांनी आहे. क्रेग परवाच बघेल.”

“बरं. तू म्हणशील तसं, पोरी. तुला जास्त कळतं.”

परवा तो आला. टोपी काढून काउंटरवर टेकला आणि म्हणाला, “मुकादमाला फिजिओ बघणार! अॅलन असता तर पोट धरून हसला असता.” क्रेगने त्याला वाकवलं, वळवलं, पाय उचलून बघितले, व्यायाम शिकवले. दुखणं थांबवायला गोळ्या सुचवल्या आणि सहा आठवड्यांत बरं वाटलं नाही तर परत या म्हणाला. नोंद व्यवस्थित लिहिली. वयोमानाने झालेली पाठदुखी, धोक्याची लक्षणं नाहीत.

मार्चअखेर विल्फ पुन्हा आला. पोट साफ होत नव्हतं. यादीप्रमाणे हे गोळ्यांचं काम, म्हणून फैजलकडे. विल्फला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून फैजलने त्याला समोर बोलावलं. ‘दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतंच,’ त्याने समजावलं, आणि पोट सुटायचं औषध दिलं. तेही बरोबरच होतं. त्या दिवशी आत जाताना विल्फ काउंटरची कड धरून उभा होता. गेनरच्या ते नजरेत आलं. तिने विचारलं, “पाठ कशी आहे?” तर तो म्हणाला, “आहे, अजून सोडून गेलेली नाही. हिल्डापेक्षा एकनिष्ठ आहे.” शेजारी उभ्या असलेल्या बायकोने, हिल्डाने, त्याच्या दंडाला चापट मारली. सगळी हसली.

एप्रिलमध्ये हिल्डानेच फोन केला. विल्फ दिवसभर खुर्चीतून उठत नाही, थकलाय म्हणतो. थकव्यासाठी आधी रक्त, असा नियम. केलीने रक्त काढलं. थांबायच्या जागी विल्फने कोट अंगात ठेवलेलाच होता, आणि तो कोट दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तेवढ्या वेळात तो तीन पेले पाणी प्यायला. चौथ्यासाठी हिल्डा उठली तेव्हा गेनर मान वर करून बघत राहिली. त्याच आठवड्यात कामावर येताना तिने पाहिलं होतं, बोलिंगच्या हिरवळीच्या कडेला गवत घोट्याएवढं वाढलं होतं. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुपारी ती बर्नाडेटला म्हणाली, “विल्फ मला बरा दिसत नाही गं.”

बर्नाडेटच्या हातात लसींचा ट्रे होता, बाहेर सात बाळं रडत होती. “रक्त घेतलंय ना? मग येईल रिपोर्टात. डॉक्टर बघतील.”

डॉक्टरांनी बघितला. त्या दिवशी त्यांच्यापुढे असे ब्याऐंशी रिपोर्ट होते. रक्त थोडं कमी, बाकी बरंचसं ठीक. त्यांनी लिहिलं, महिन्याने परत तपासा. केलीने धाडलेल्या तपासण्यांमध्ये हाडांची, म्हणजे कॅल्शियमची, तपासणी नव्हतीच, कारण थकव्याच्या यादीत ती नसते.

मे महिन्यात खोकला. म्हणजे स्टुअर्ट. छातीत जंतू आहेत, औषध दिलं. परत जाताना विल्फला खुर्चीतून उठता येईना. गेनर काउंटरमागून बाहेर आली. सव्वीस वर्षांत ती अशी क्वचितच बाहेर आली होती. तिने त्याच्या काखेत हात घातला आणि दचकली. कोटाच्या बाहीत नुसता दांडा असावा तसा तो हात होता.

“विल्फ, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवू का? तीन आठवड्यांनी मिळेल.”

“अगं आत्ताच तर दाखवलं ना एवढ्या जणांना,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. “चारही जण म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. आता तू आणि घाबरवू नकोस.”

डॉक्टर लॅथमचं दार काउंटरपासून अकरा पावलांवर होतं. गेनर त्या दाराकडे बघत राहिली. ‘तू नर्स नाहीस.’ मग फोन वाजला, आणि तिने उचलला.

जूनच्या नऊ तारखेला सकाळी हिल्डाचा फोन लागला. आठला लावला होता, पाळी आली आठ वाजून एकोणीस मिनिटांनी.

“गेनर, त्याचे पाय हलत नाहीत. रात्रीपासून. तो म्हणाला, दवाखाना उघडेपर्यंत थांब, उगाच कुणाला त्रास नको.”

गेनरने काही विचारलं नाही. यादी बघितली नाही. दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली आणि न ठोठावता डॉक्टर लॅथमच्या खोलीत शिरली. आत एक माणूस शर्ट काढून बसला होता. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बॅग उचलली.

मोठ्या हॉस्पिटलात चार दिवसांत सगळं कळलं. हाडांच्या मगजाचा कॅन्सर. त्याने मणके आतून पोखरले होते, दोन खचले होते आणि नसा दबल्या होत्या. पाठ, पोट, तहान, थकवा, खोकला, सगळी एकाच मुळाची पालवी. ऑपरेशन झालं, पण पाय काही परत आले नाहीत.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात बैठक बसली. काय चुकलं ते बघायचं, कुणाला दोष द्यायचा नाही, असं लिनेटने सुरुवातीलाच सांगितलं. काउंटरवरच्यांना अशा बैठकीला बोलवत नसत. गेनरला बोलावलं ते फोनच्या वेळा सांगायला. एकेकाने आपापली नोंद वाचली. क्रेग म्हणाला, “पहिल्या दिवशी त्याच्या पायांत पूर्ण ताकद होती. मी स्वतः बघितली.” फैजल म्हणाला, “तहान लागते का, हे मी विचारायला हवं होतं.” स्टुअर्ट कागदाच्या कडा दुमडत बसला. डॉक्टर लॅथम म्हणाल्या, “रिपोर्ट माझ्याकडे आला होता. मी त्यावर किती वेळ घालवला ते संगणक सांगतो. चौदा सेकंद.”

लिनेट म्हणाली, “प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणेच केलंय.”

“मी त्याला चारही वेळा बघितला,” गेनर म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही प्रत्येकाने एकेकदा बघितला. मी चारदा. पहिल्यांदा टोपी काढून उभा होता. मग कड धरून. मग कोट ढगळ झाला, तीन पेले पाणी प्यायला. मग त्याला उठता येईना. मला दिसत होतं. दारावर मी होते ना.”

“गेनर, ती तुझी जबाबदारी नव्हती,” लिनेट हळुवारपणे म्हणाली. “तू वैद्यकीय नाहीस.”

तिने ते धीर द्यायला म्हटलं होतं. गेनरला मात्र ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. सव्वीस वर्षं आपण इथे आहोत, आणि आपले डोळे मात्र नाहीत, असा त्याचा अर्थ तिने घेतला. ती उठून शौचालयात गेली आणि नळ सोडून रडली.

ऑगस्टमध्ये विल्फ घरी आला. पुढच्या खोलीत त्याचा पलंग लावला होता. गेनर लिंबाचा केक घेऊन गेली. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरली होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

हिल्डाने दार उघडलं, केक घेतला आणि तिच्यासमोरच कट्ट्यावर ठेवून दिला, झाकण न उघडता.

“आत जा. तो वाट बघतोय,” ती म्हणाली. मग गेनर पुढे झाल्यावर पाठीमागून म्हणाली, “त्याने डॉक्टर मागितला होता. पहिल्याच दिवशी. मी शेजारी उभी होते. त्याने डॉक्टरच मागितला होता, गेनर.”

“हो.”

“नुसतं हो?”

“काय म्हणू, हिल्डा? मागितला होता.”

आतून विल्फ ओरडला, “अगं सोड तिला! तिने का माझी हाडं कुरतडली?”

तो उशांवर टेकून बसला होता, मानेचा ताठा तेवढा पूर्वीचा. गेनर खुर्चीवर टेकली. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

“ऐक, पोरी. डॉक्टर म्हणतात, फेब्रुवारीत कळलं असतं तरी रोग जाणार नव्हता. पाय मात्र राहिले असते. हे मी तुला सांगतोय, कारण बाकीचे तुला निम्मंच सांगतील. मी रागावलोय. रोज सकाळी तासभर रागावतो. पण तुझ्यावर म्हणून रागवायला बसलो, की मला तुझा तो फोनवरचा आवाज आठवतो, आणि राग टिकत नाही. याला मी काय करू?”

मग त्याने तिला हिरवळीचं विचारलं. नगरपालिकेचा माणूस यंत्र घेऊन येतो आणि सरसकट कापतो, ती म्हणाली. विल्फने शिवी हासडली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

पुढच्या सोमवारी गेनर डॉक्टर लॅथमच्या खोलीत गेली. या वेळी ठोठावून.

“डॉक्टर, मला रोज एक जागा द्या. सकाळच्या शेवटी. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा कुणी निराळ्या निराळ्या दुखण्यासाठी आलं, तर मी ते माणूस तुमच्यासमोर बसवणार. यादी काहीही म्हणो.”

“गेनर, सकाळचा शेवट म्हणजे माझं जेवण.”

“ठाऊक आहे.”

डॉक्टरांनी डोळ्यांवर तळवे दाबले. चाळिशीतली ती बाई त्या उन्हाळ्यात पन्नाशीची दिसायला लागली होती. “आणि तुम्हाला चुकीचं वाटलं, म्हणजे उगाचच वाटलं, तर?”

“बरेचदा उगाचच वाटेल.”

“लिनेटला मी सांगते,” त्या शेवटी म्हणाल्या.

बरेचदा उगाचच वाटलं. पहिल्या महिन्यात गेनरने अकरा माणसं त्या जागेवर बसवली आणि अकराही धडधाकट निघाली. अकराव्या बाईच्या वेळी डॉक्टर सँडविच हातात घेऊनच दारात आल्या आणि “तिला फक्त झोप येत नाही हो, गेनर,” एवढंच म्हणाल्या. लिनेट काउंटरवरून जाताना “आज कोणाला मरणातून वाचवलंस?” असं हसत विचारायची, आणि गेनरही हसून पुढचा फोन उचलायची. विसाव्या की एकविसाव्या माणसाला, कारखान्यातल्या एका विधुराला, वेळेत हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडता आलं. तो आजही मासे पकडायला जातो. पण त्याच हिवाळ्यात शाळेतली एक स्वयंपाकीण पाच वेळा आली आणि गेनरच्या नजरेतून निसटली, कारण तीन वेळा गेनर सुटीवर होती आणि दोनदा काउंटरवर रांग दारापर्यंत गेली होती. ती बाई वाचली, पण उशिराच. गेनरने आठवडाभर जेवण नीट केलं नाही. बहिणीने फोनवर तिला फटकारलं, “सगळ्या गावाला तू एकटी बघणार आहेस का? देवाची मावशी लागून गेलीस?”

“नाही,” गेनर म्हणाली. “पण बघते तर मीच ना.”

विल्फ पंधरा महिने जगला. दर पंधरवड्याला बर्नाडेट त्याच्या घरी जायची, फैजल त्याच्या गोळ्यांचा तक्ता स्वतः बनवून द्यायचा, आणि क्रेग, ज्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो कामावरून सुटल्यावर त्याचे हात-खांदे हलवून द्यायला जायचा. दोघं फुटबॉलवरून भांडायचे. गुरुवारच्या बाईंनी त्याच्या चाकाच्या खुर्चीची सोय केली आणि एका रविवारी चारजणांनी त्याला हिरवळीपर्यंत नेलं. त्याने गवत बघितलं आणि म्हणाला, “परत न्या मला.” आपल्या हाताखालची जागा दुसऱ्याने अशी कापलेली बघणं त्याला सोसलं नाही.

अंत्ययात्रेला दवाखान्याने अर्धा दिवस दार लावलं. गेनर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. हिल्डा बाहेर सगळ्यांचे हात हातात घेत होती. डॉक्टर लॅथमचाही घेतला. गेनरची पाळी आली तेव्हा ती शेजारच्या माणसाकडे वळली आणि फुलांबद्दल काहीतरी बोलली. गेनर तशीच पुढे गेली. रागवायचा हक्क हिल्डाचाच होता, हे गेनरला कुणी समजवायची गरज नव्हती.

डॉक्टर लॅथम आता आठवड्यातून तीनच दिवस येतात. त्यांना स्वतःलाच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. शेवटची जागा त्या तीन दिवशी अजून असते. बाकीच्या दिवशी बदली डॉक्टर त्या वेळेत जेवतो. गेनर त्रेसष्टची झाली. निवृत्तीचा कागद तिने दोनदा मागवला आणि दोनदा तसाच ठेवला. काउंटरवर नवीन आलेल्या मुलीला ती शिकवते. फोन कसा घ्यायचा ते मुलगी दोन दिवसांत शिकली. त्याखेरीज गेनर तिला सांगते, “माणूस दारातून आत येतो ना, तेव्हा मान वर करून बघ. खुर्चीतून कसा उठतो ते बघ. मागच्या वेळी कसा होता ते आठव.”

“पण ते आपलं काम आहे का?” मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं.

“ते कुठे लिहिलेलं नाही,” गेनर म्हणाली.

हिल्डा ऑक्टोबरात लस घ्यायला आली होती. दोन रांगा होत्या. गेनरच्या पुढ्यात कुणीच नव्हतं, तरी ती नव्या मुलीच्या रांगेत, पाचव्या नंबरावर जाऊन उभी राहिली. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. गेनरने तिच्याकडे पाहिलं. उजवा पाय किंचित ओढत होती. गेल्या वर्षी ओढत नव्हती.

गेनरने नव्या मुलीकडे ‘हिल्डाला थांबवून ठेव’ अशी चिठ्ठी सरकवली, आणि उठून अकरा पावलं चालत डॉक्टर लॅथमच्या दाराकडे गेली.